जुन्या गाडीच्या डॅशबोर्डचे नाजूक भाग न तोडता कसे काढावेत

नागपुरात जुनी फियाट किंवा अ‍ॅम्बेसेडर सांभाळणाऱ्या मालकाला इंजिनाची तेवढी धास्ती नसते. रिंगा, बेअरिंगे, वॉल्व्ह आजही मिळतात आणि न मिळाल्यास चांगला लेथवाला पुष्कळ काही घडवून देतो. खरी पंचाईत होते ती डॅशबोर्डपाशी. मीटरची पारदर्शक पट्टी, चोकचा नॉब, ग्लोव्ह बॉक्सचे झाकण किंवा क्रोमचे अक्षर एकदा तुटले की त्याच्या जोडीचे मिळवताना वर्षे जातात, आणि मिळाले तरी ते दुसऱ्या एखाद्या तितक्याच जुन्या गाडीतून निघालेले, म्हणजे तितकेच ठिसूळ असते. कुर्ल्याच्या कारखान्यातून पद्मिनी (म्हणजे नाव बदललेली फियाटच) बाहेर पडणे २००० सालच्या सुमारास थांबले, उत्तरपाड्याची अ‍ॅम्बेसेडर २०१४ मध्ये बंद झाली. त्यामुळे यापुढे नवा भाग येणार आहे अशा आशेवर कोणी पेचकस हाती घेऊ नये.

डॅशबोर्ड रंगवायचा असो, वायरिंग बदलायचे असो किंवा बंद पडलेले मीटर दुरुस्तीला द्यायचे असो, भाग काढावेच लागतात. या कामात जे तुटते ते बहुतेक वेळा अडकलेले नसून कशाने तरी धरून ठेवलेले असते, आणि ते धरणारे काय आहे हे न शोधताच आपण ओढायला लागतो. दोन बोटांच्या जोराने जो भाग सुटत नाही, त्याच्यामागे अजून एक स्क्रू, क्लिप, पिन किंवा तार शिल्लक आहे असेच धरून चालावे. पुढे सांगितलेली सगळी रीत या एका गृहीतकावर उभी आहे.

भाग कशाचा आहे ते आधी ओळखा

एकाच डॅशबोर्डवर पाच-सहा प्रकारचे पदार्थ शेजारी शेजारी बसलेले असतात आणि प्रत्येकाचा तुटण्याचा स्वभाव वेगळा असतो. काळे किंवा गडद तपकिरी, जड, नखाने वाजवल्यास कडक आवाज देणारे जुने नॉब बहुधा बेकेलाइटचे असतात. लिओ बेकलंड यांनी १९०७ मध्ये तयार केलेला हा पदार्थ एकदा साच्यात घट्ट झाला की पुन्हा मऊ होत नाही. त्यामुळे बेकेलाइटला ऊब देऊन काही साधत नाही. त्याला पीळ आणि ठोका या दोन गोष्टींपासून जपावे लागते. अंगठ्याने जोरात घासून गरम केल्यास त्याला फिनाइलसारखा किंचित वास येतो, ही ओळखण्याची साधी खूण आहे. तापलेली सुई टोचून पाहण्याची सूचना काही जण करतात, ती मुळीच मानू नये. एक तर भागावर कायमचा डाग पडतो, आणि तो भाग जुन्या सेल्युलॉइडचा निघाला तर तो पेट घेतो.

फिकट हस्तिदंती रंगाचे नॉब आणि स्टिअरिंगचे आवरण पुष्कळदा सेल्युलोज अ‍ॅसिटेटच्या जातीचे असते. हा पदार्थ खराब होऊ लागला की त्याला व्हिनेगरसारखा आंबूस वास सुटतो आणि त्यावर केसासारख्या भेगा पडतात. असा वास आला, तर तो भाग कितीही चकचकीत दिसत असला तरी आतून खचला आहे असे समजून त्याला तळाशी पूर्ण आधार दिल्याशिवाय हात लावू नये.

मीटरवरची पारदर्शक पट्टी अ‍ॅक्रिलिक किंवा पॉलिस्टायरीनची असेल तर तिला पेट्रोल, थिनर, स्पिरिट यांपैकी कशाचाही स्पर्श होऊ देऊ नये. वर्षानुवर्षे ताणाखाली बसलेल्या अशा प्लास्टिकवर द्रावक लागला की काही क्षणांत आत बारीक चिरांचे जाळे उमटते आणि ते पुसून जात नाही. गंजलेल्या नटांवर मारायचे डब्ल्यूडी-४० देखील पारदर्शक पॉलिस्टायरीनवर आणि पॉलिकार्बोनेटवर चालत नाही. त्यामुळे डॅशबोर्डच्या कामात कोणताही स्प्रे थेट मारण्याऐवजी त्याचा एक थेंब सुईच्या टोकाने नेमक्या आट्यांवर सोडावा.

क्रोमची अक्षरे, चौकटी आणि काही हँडल ही पितळेची किंवा लोखंडाची आहेत असे वाटते, पण ती बहुधा जस्ताच्या मिश्रधातूची ओतीव कामे असतात. क्रोमखाली पांढुरके फोड आलेले दिसले की धातू आतून पोखरला गेला आहे. तो वाकत नाही, थेट तुटतो. आणि त्याच्या मागच्या बारीक खुंट्या तर सर्वांत आधी जातात.

राहता राहिले रेक्झिनचे गादीदार आवरण. पीव्हीसीला लवचिक ठेवणारे तेलकट द्रव्य उन्हाने हळूहळू उडून जाते, आणि समोरच्या काचेच्या आतल्या बाजूला जो चिकट धुरकट थर बसतो त्यात तेच द्रव्य असते. ते गेले की वरची कातडी उन्हात वाळवलेल्या पापडासारखी आखडते व खालचा फोम भुसा होऊन सुटतो.

ऋतू आणि वेळ

हे काम मुंबई-पुण्यात वर्षभर कधीही करता येईल, नागपुरात तसे करता येत नाही. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि उन्हात काचा बंद करून उभ्या असलेल्या गाडीच्या डॅशबोर्डचा पृष्ठभाग ७० अंशांच्या घरात जाऊ शकतो. अशा वेळी रेक्झिन मऊ पडून बोटांचे ठसे घेते, जुना गोंद चिकट दोरे काढतो, आणि कडक प्लास्टिक धातूच्या चौकटीपेक्षा जास्त प्रसरण पावल्यामुळे आपल्याच खाचेत दाबून बसते. उलट डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे, पारा १० अंशांच्या आसपास असताना, प्लास्टिकची क्लिप काडीसारखी तुटते. पावसाळ्यात लाकडी पट्ट्या फुगतात, ग्लोव्ह बॉक्सच्या आतला पुठ्ठा सादळतो आणि उघडे पडलेले नट एका रात्रीत तांबडे होतात.

म्हणून दिवाळीनंतर ते फेब्रुवारी अखेरपर्यंतचा काळ निवडावा आणि सकाळी दहा-अकरानंतर, गाडी सावलीत उभी करून, दारे उघडी ठेवून काम सुरू करावे. प्लास्टिकचे तापमान २५ ते ३० अंशांच्या दरम्यान असले की ते थोडेसे वाकते पण आकार सोडत नाही. उन्हाळ्यात काम टाळणे अशक्यच असेल तर गाडी रात्रभर बंद खोलीत ठेवून पहाटेचे चार तास वापरावेत. मात्र त्या खोलीत डेझर्ट कूलर लावू नये. कूलरची ओलसर हवा पुठ्ठ्याला आणि उघड्या लोखंडाला बाधते, शिवाय तिच्या झोताने चिठ्ठ्या उडून जातात, आणि कोणती चिठ्ठी कोणत्या तारेची होती हे नंतर कोणालाही सांगता येत नाही.

थंडीत एखादी क्लिप सैल करण्यासाठी ऊब हवी असेल तर केस वाळवायचा ड्रायर वीत-दीड वीत अंतरावरून फिरवत राहावा आणि हाताला सोसेल तेवढेच तापवावे. रंग उतरवायची हीट गन शेकडो अंशांचा झोत सोडते. ती या कामात आणूच नये.

बॅटरी, छायाचित्रे, हत्यारे

सर्वप्रथम बॅटरीची बॉडीला जोडलेली तार सोडवावी. बहुतेक गाड्यांत ती ऋण टोकाची असते, परंतु ब्रिटिश धाटणीच्या काही जुन्या गाड्यांत धन टोक बॉडीला जोडलेले असते. म्हणून खुणेवर विसंबून न राहता तार प्रत्यक्ष कोठे जाते ते पाहावे. केवळ किल्ली काढून ठेवणे पुरेसे नाही. ज्या गाड्यांत अँपिअर मीटर आहे, त्यांत बॅटरीचा जवळजवळ सगळा प्रवाह फ्यूजशिवाय त्या मीटरच्या मागच्या दोन बोल्टांतून वाहतो. तेथे पाना टेकून तो बॉडीला लागला तर तार लाल व्हायला वेळ लागत नाही.

त्यानंतर छायाचित्रे घ्यावीत, आणि ती समोरून कमी, मागून जास्त घ्यावीत. मोबाइल डॅशबोर्डखाली धरून, दिवा लावून, प्रत्येक मीटरच्या पाठीचे, प्रत्येक जोडणीचे आणि प्रत्येक नळीच्या वळणाचे चित्र हवे. तारांच्या रंगांवर मात्र भरवसा ठेवू नये. लुकास या ब्रिटिश विद्युत-भाग कंपनीच्या पद्धतीत काळी तार अर्थिंगची, तपकिरी बॅटरीची, पांढरी इग्निशनची, हिरवी फ्यूजमधून आलेली, लाल छोट्या दिव्यांची व निळी हेडलाइटची असते, हे खरे. पण चाळीस-पन्नास वर्षांत किती इलेक्ट्रिशियनांनी हाताशी असेल ती तार जोडली असेल याचा हिशेब कोण देणार? कागदी टेपची चिठ्ठी करून तीवर पेन्सिलने क्रमांक लिहावा, तोच क्रमांक वहीत लिहावा, आणि चिठ्ठी तारेला लावल्यावरच तार सोडवावी. जुन्या तारेचे आवरण कडक झालेले असल्यामुळे तार न धरता तिची टोपी चिमट्याने धरून सरळ मागे ओढावी.

हत्यारांत पैसा घालण्याची गरज नाही, पण माप बरोबर हवे. फियाटला मिलिमीटरचे पाने लागतात आणि अ‍ॅम्बेसेडरला इंची. जवळपासचा पाना ‘बसतोय’ म्हणून वापरला की मऊ पितळी नटाचे कोपरे जातात. पेचकसाचे पाते खाचेच्या पूर्ण रुंदीचे व जाडीचे असावे. उचकटण्यासाठी लोखंडी काही वापरू नये. इतवारीच्या लोहाओळीत हत्यारांच्या खरेदीला गेलात तरी ही एक गोष्ट घरीच करावी: बांबूची कामटी घेऊन तिचे टोक चाकूने पातळ करावे आणि पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत करावे. प्लास्टिकपेक्षा ती मऊ असते, आणि जोर जास्त झाला तर भाग तुटण्याआधी कामटी तुटते. जुने एटीएम कार्ड, सुती कापडाच्या दोन-तीन घड्या, दंतवैद्याकडे असतो तसा छोटा आरसा आणि डोक्याला बांधायचा दिवा एवढे जोडीला पुरे.

धरून ठेवणारी वस्तू शोधताना

डॅशबोर्ड बांधणाऱ्याने स्क्रू लपवायचे ठरवलेलेच असते. म्हणून अ‍ॅशट्रे बाहेर काढून तिच्या पोकळीत पाहावे, ग्लोव्ह बॉक्सच्या आत वरच्या कडेला बोट फिरवावे, रेडिओची समोरची पट्टी, स्पीकरची जाळी, स्टिअरिंग कॉलमचे आवरण आणि काचेच्या रबराखालची कड या सगळ्या जागा तपासाव्यात. मूळ स्क्रूंशिवाय मधल्या काळात कोणीतरी मारलेले पत्र्याचे स्क्रूही असतात. त्यांचे डोके मोठे आणि जागा भलतीच असते. आवाज बंद व्हावा म्हणून कोणी मागे गोंद किंवा एम-सील भरलेले असण्याचीही शक्यता धरावी.

सगळे स्क्रू निघाल्यावर भाग हलका दाबून सोडून पाहावा. जी कड हलते तिथे काही राहिलेले नाही. जी हलत नाही तिच्या रेषेत मागे आरसा फिरवावा. शेजारी उभा असलेला मिस्त्री अशा वेळी हमखास म्हणतो, “साहेब, हलकासा झटका द्या, निघून येते.” त्याचा अनुभव दांडगा असतो, पण तो टॅक्सी आणि ट्रकचा असतो, ज्यांत तुटलेला भाग दुसऱ्या दिवशी मिळत असे. त्याला “थांबा भाऊ, आधी मागून पाहू” एवढेच म्हणावे आणि आरसा त्याच्याच हातात द्यावा. अडलेली जागा त्याची नजर आपल्यापेक्षा लवकर हेरते.

नॉब

सर्वांत जास्त नुकसान नॉब काढताना होते, कारण चार वेगळ्या पद्धतींनी बसवलेले नॉब समोरून अगदी सारखे दिसतात. पहिली पद्धत लुकासच्या ओढायच्या बटणांची. नॉबच्या मानेच्या खालच्या बाजूला एक बारीक भोक असते आणि त्यात स्प्रिंगवर बसलेली टाचणीच्या डोक्याएवढी खुंटी दिसते. बटण बाहेर ओढून, तारेचे बोथट टोक किंवा जाड सुईचे मागचे टोक भोकात घालून खुंटी आत दाबली की नॉब सरळ हातात येतो. खुंटी न दाबता ओढला तर बेकेलाइटची मान भोकापाशीच चिरते, आणि जुन्या बाजारात हाती येणाऱ्या नॉबांवरही ती चीर नेमकी याच जागी दिसते. भोकात धूळ आणि पॉलिश साठून ते बुजलेले असते, म्हणून आधी कोरड्या ब्रशने साफ करून बोटाच्या नखाने चाचपावे.

दुसऱ्या पद्धतीत त्याच जागी खाच असलेला इवलासा स्क्रू असतो. तो पूर्ण बाहेर काढू नये, दोन फेरे सैल केला की पुरे. खाली पडला तर कार्पेटमध्ये सापडत नाही. तिसऱ्या पद्धतीत नॉब दांड्यावर आट्यांनी बसलेला असतो. येथे दांडा मागून चिमट्याने धरावा लागतो, नाहीतर नॉबऐवजी केबल पिळली जाते. चौथ्या पद्धतीत नॉब फक्त दाबून बसवलेला असतो व आत पोलादी पात्याची क्लिप असते. अशा नॉबच्या मागे सुती नाडी दुहेरी गुंडाळून दोन्ही टोके समान जोराने सरळ पुढे ओढावीत. एका बाजूने उचकटल्यास दांड्याभोवतालची नॉबची भिंत फुटते.

भोक नाही, स्क्रू नाही, फिरवूनही हलत नाही असे दिसले तर उत्तर चौथ्या पद्धतीत आहे असे लगेच मानू नये. नॉबच्या तोंडावर चिन्ह असलेली गोल टिकली असेल तर तिच्याखाली नट असू शकतो. टिकलीच्या कडेला थोडी ऊब देऊन कार्डाचा कोपरा सरकवावा.

नॉब निघाल्यावर मागे क्रोमची गोल चकती राहते, जिच्यावर दोन बारीक खाचा असतात. तिच्यासाठी वेगळा पाना मिळतो. तो नसेल तर सर्कलिप पक्कडीची दोन टोके खाचांत बसवून चकती फिरवता येते. भोवतालच्या रंगावर आधी टेपचे दोन थर द्यावेत, कारण पक्कड एकदा तरी निसटतेच.

मीटर

मीटर समोरून ओढून काढायची वस्तू नाही. गोल मीटर बहुतेक वेळा मागच्या बाजूने इंग्रजी यू आकाराच्या पट्टीने आवळलेले असते आणि त्या पट्टीवर हाताने फिरवायचे एक-दोन नट असतात. लांब आडव्या पट्टीचा स्पीडोमीटर असलेल्या गाडीत पूर्ण कंसोल, म्हणजे मीटरांचा अख्खा संच, चौकटीसह निघतो. दोन्ही बाबतींत क्रम एकच: आधी मीटर केबल, मग नळ्या, मग दिव्यांच्या टोप्या, मग तारा, आणि सर्वांत शेवटी पट्टीचे नट.

केबलचा खरबरीत नट हातानेच सुटायला हवा. पक्कड लावली तर स्पीडोमीटरच्या मागची ओतीव मान तुटते आणि मग मीटरच निकामी होते. नट सुटत नसेल तर एक थेंब तेल देऊन रात्रभर थांबावे. केबल आखूड वाटत असेल तर बोनेट उघडून इंजिनाच्या बाजूची तिची क्लिप सैल करावी, म्हणजे इंच-दोन इंच ढील मिळते. मीटर पुढे ओढून ढील मिळवू नये.

तापमानाच्या मीटरकडे विशेष लक्ष द्यावे. जुन्या यांत्रिक प्रकारात मीटरपासून इंजिनापर्यंत एक केसासारखी बारीक तांब्याची नळी जाते. तिच्या टोकाच्या फुग्यात ईथर भरलेले असते आणि त्याच्या दाबाने काटा हलतो. ही नळी तार समजून कापली गेली, किंवा एकदा जरी मुडपली, तरी मीटर मेलेच म्हणून समजावे. ते पुन्हा भरून देणारे कारागीर देशात मोजकेच आहेत. म्हणून असे मीटर काढताना इंजिन थंड असताना, थोडे पाणी उतरवून, आधी इंजिनाकडचा फुगा सोडवावा. मग रबरी बूच बाजूला करून नळी हळूहळू आत घ्यावी आणि जेवणाच्या ताटाएवढ्या वेटोळ्यात गुंडाळावी. तेलाच्या दाबाच्या मीटरलाही काही गाड्यांत खरी तेलाची नळी असते. तिच्याखाली फडके धरावे व टोकाला बूच लावावे, नाहीतर काळे तेल थेट फिकट सीटवर उतरते.

इंधन आणि तापमानाची विजेवर चालणारी मीटरे ब्रिटिश पद्धतीच्या गाडीत दहा व्होल्टच्या आसपासच्या स्टॅबिलायझरवर चालतात. ही चपटी डबी कंसोलच्या पाठीला एका स्क्रूने बसवलेली असते व तोच स्क्रू तिचे अर्थिंग असतो. तो नंतर नीट आवळला नाही तर दोन्ही काटे वर चढून बसतात आणि मालक चांगली मीटरे दुरुस्तीला घेऊन जातो.

मीटर हातात आले की ते उघडण्याचा मोह होतो. तबकडीवरचे छापील आकडे कापडाच्या नुसत्या स्पर्शानेही निघू शकतात, म्हणून तिथे फक्त हवेचा फुगा वापरावा. साठच्या दशकापूर्वीच्या गाडीत अंधारात चमकणारा रंग किरणोत्सर्गी रेडियमचा असण्याची शक्यता असते. चमक गेली तरी रेडियम तिथेच राहते. अशी तबकडी खरवडू नये, तिच्यावर फुंकर मारू नये आणि काच काढू नये. तसेच डॅशबोर्डच्या मागे राखाडी, तंतुमय उष्णतारोधक पत्रे दिसले तर ते अ‍ॅस्बेस्टॉसचे असू शकतात. ते कोरडे घासू नयेत.

क्रोमची अक्षरे, गादी, ग्लोव्ह बॉक्स

अक्षरांच्या खुंट्या मागून पातळ पोलादी चकत्यांनी धरलेल्या असतात. चकती खुंटीवरून ओढू नये. बारीक कटरने तिची कड एका जागी कापावी, ती आपोआप सैल होते. नवी चकती काही रुपयांत मिळते, खुंटी मिळत नाही. अक्षर गोंदाने चिकटवलेले असेल तर ऊब देऊन मासेमारीची नायलॉन दोरी करवतीसारखी मागून फिरवावी. संक्रांतीचा उरलेला मांजा घरात पडलेला असतो, तो मात्र वापरू नये: त्यावरची काचेची भुकटी रंग आणि क्रोम दोन्ही खरवडते, आणि नायलॉन मांजावर तर बंदीच आहे.

गादीदार वरचा भाग काढण्यापूर्वी त्याची मागची कड समोरच्या काचेच्या रबराखाली गेली आहे का ते पाहावे. गेली असेल तर काच उतरवणे हाच सुरक्षित मार्ग आहे. गादीवर भेगा असतील तर काढण्याआधी भेगांवर आडवा कागदी टेप लावावा, जाड पुठ्ठा खाली सरकवून दोघांनी मिळून तो भाग पुठ्ठ्यासह उचलावा. फोमचा पडलेला भुसा फेकू नये. जाडी किती होती हे पुढे त्यावरूनच कळते.

ग्लोव्ह बॉक्सचा पुठ्ठा कोरडा असतानाच काढावा आणि स्टेपलच्या पिना आधी सरळ कराव्यात. झाकणाच्या बिजागरीची पिन गंजली असेल तर झाकण बिजागरीसह, गाडीच्या बाजूचे स्क्रू सोडवून घ्यावे.

न हलणारा स्क्रू

स्क्रू आधी किंचित घट्ट फिरवून पाहावा; गंजाची पकड त्याने सुटते आणि मग तो उलटा फिरतो. धातूत बसलेल्या स्क्रूच्या डोक्यावर सोल्डरिंग गनचे टोक अर्धा मिनिट टेकवल्यास पुष्कळदा काम होते; प्लास्टिकच्या खुंट्यात बसलेल्या स्क्रूवर हा उपाय करू नये. खाच गेलेली असेल तर डोके ड्रिलने उडवून भाग बाहेर काढावा व उरलेला दांडा नंतर पक्कडीने फिरवावा. काहीही तुटलेच तर बारीक कणसुद्धा वेचून पाकिटात ठेवावेत. जागेवर फेविक्विक लावायची घाई करू नये, कारण त्याच्या वाफेने शेजारच्या पारदर्शक पट्टीवर पांढरी झाक येते.

काढलेले भाग ठेवताना

स्क्रूंसाठी अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे उत्तम. प्रत्येक खळग्यात एका भागाचे स्क्रू आणि त्यांची चिठ्ठी. प्लास्टिकचे भाग स्वच्छ मलमलीत गुंडाळून सपाट ठेवावेत. बबल रॅपचे गोल ठसे रेक्झिनवर कायमचे उमटतात, आणि पॉलिथिन पिशवीत कोंडलेला अ‍ॅसिटेटचा भाग आपल्याच आंबट वाफेने लवकर खराब होतो. पत्र्याच्या शेडमध्ये किंवा गच्चीवरच्या खोलीत काही ठेवू नये. मार्च उजाडला की ती जागा भट्टी होते. तळमजल्यावरचे, बाहेरच्या भिंतीपासून दूर असलेले कपाट निवडावे, आणि स्टिअरिंग किंवा लांब पट्टी यांसारख्या वस्तू त्यात टांगून किंवा टेकून न ठेवता आडव्याच ठेवाव्यात.

परत बसवताना प्लास्टिकच्या खुंट्यात स्क्रू घालून आधी उलटा फिरवावा. तो टक् करून खाली बसला की जुन्या आट्या सापडल्या. मग सुलटा फिरवावा आणि बोटांनी घट्ट होईल तेवढ्यावर थांबावे. कंसोल चौकटीत बसवण्यापूर्वी मीटरच्या दिव्यांचे बल्ब तपासून घ्यावेत. मूळचे बल्ब दोन-तीन वॅटचे असतात. उजेड कमी पडतो म्हणून कोणी पाच वॅटचे घातलेले असले तर आतले पांढरे प्लास्टिक तपकिरी झालेले दिसेल. ते बदलून, सर्व तारा क्रमांकाप्रमाणे जोडून, बॅटरीची तार क्षणभर लावून दिवे, काटे आणि इशाऱ्याचे लाल-हिरवे ठिपके चालतात हे पाहावे, तार पुन्हा सोडवावी, आणि त्यानंतरच कंसोलचा पहिला नट लावावा.